नत्थुजी पाटील चेंडूच्या पुढं

बोरखेडीत कोणतंही काम नत्थुजी पाटलांचा हात लागल्याशिवाय सुरू होत नसे, आणि हात लागल्यावर ते बहुधा बिघडल्याशिवाय राहत नसे. होळीला पहिली चूड त्यांची. पेरणीला पहिली मूठ त्यांची, मग शेत कुणाचंही असो. कुणाच्या अंगणात बाज विणायला घेतली, की रस्त्यानं चाललेले नत्थुजी वळून आत येत, दोरीचा एक पीळ ओढून देत, "हं, आता होऊ द्या," म्हणत आणि निघून जात. मग बाज विणणारा अर्धा दिवस तो पीळ सोडवत बसे. गावात कुणी मेलं तर तिरडीची पहिली गाठही त्यांनीच मारायची. ती एकदा वाटेत सुटली होती. तेव्हापासून लोक पाटलांची पाठ फिरली की गुपचूप दुसरी गाठ मारून घेत, एवढाच काय तो फरक पडला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांनी कुणाचं धान्य बुडवलं नाही की कुणाच्या बांधावर नांगर घातला नाही. फक्त आपल्यावाचून जगाचं अडतं, अशी एक समजूत लहानपणीच त्यांच्या डोक्यात शिरली होती, आणि तिला बाहेर पडायला कुणी वाट दिली नव्हती. उंच सडसडीत अंग, ओठांवर मावणार नाही एवढी मिशी आणि डोक्यावर अमरावतीहून आणलेलं तांबडं पागोटं. त्यांची बायको दुर्गाबाई नवऱ्याला पुरती ओळखून होती. ती शेजारणींना सांगे, "आमचे हे वरातीत नवरदेवाच्या बी पुढं चालतेत. मंग नवरदेवच म्हनते, पाटील, मले बी येऊ द्या."

आता पाटीलकीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. नत्थुजींच्या आजोबांना दोन बायका. थोरल्या बायकोला मुलगा उशिरा झाला आणि धाकटीला आधी. म्हणजे थोरलीचा मुलगा धाकटा आणि धाकटीचा मुलगा थोरला. थोरलीच्या मुलाचा वंश म्हणजे पंजाबराव, धाकटीच्या मुलाचा वंश म्हणजे नत्थुजी. दोघंही स्वतःला थोरली पाती म्हणवत आणि दोघंही खरंच बोलत. आजोबा हे कोडं घालून मरून गेले आणि वर जाऊन बहुधा हसत बसले असतील.

हे कोडं वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, गावाच्या गळ्याशी येई. पोळ्याला वेशीत दोन बांबू रोवत, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधत, आणि सजवलेल्या बैलांच्या जोड्या त्याखालून जात. पहिली जोडी पाटलाची. तिच्या आधी दुसऱ्या कुणाच्या बैलाचं शिंगसुद्धा तोरणाखाली येता कामा नये. बापांच्या पिढीनं यावर साधा तोडगा काढला होता: एक साल ह्यांची जोडी पुढं, एक साल त्यांची. तेव्हा घरात फारसं काही नव्हतं, म्हणून मान वाटून खाता येत होता.

मग तिकडं अमेरिकेत भाऊबंद आपसात लढायला लागले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसाला असा भाव आला, की लोकांना आपल्याच बोंडांचा आदर वाटू लागला. दर्यापूरपासून बडनेऱ्यापर्यंत घराघरात चांदी आली. पंजाबरावांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. नत्थुजींनी त्यावर ताण म्हणून गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकून घेतली, ती एकाच चाकाला. गाडी शेतात जाताना जे चाक पंजाबरावांच्या घराच्या बाजूनं येई, त्याला. दुसरं चाक लोखंडीच होतं, पण ते पंजाबरावांना दिसत नव्हतं, म्हणून चालून गेलं.

अशा दिवसांत एक साल ह्यांची आणि एक साल त्यांची हे कोण ऐकून घेणार? मागच्या पोळ्याला दोन्ही जोड्या एकदमच तोरणाकडं धावल्या. दोन बांबूंमध्ये चार बैल मावले नाहीत. बांबू मोडला, तोरण पंजाबरावांच्या पाखऱ्या बैलाच्या शिंगांवर कोसळलं, बैल बिथरले आणि सहदेव माळ्याच्या वांग्यांच्या बागेतून सुसाट निघून गेले. त्या साली बोरखेडीत पोळ्याचा मान कुणालाच मिळाला नाही आणि कुणाला वांगंही मिळालं नाही.

प्रकरण कचेरीत गेलं. तिथल्या साहेबानं अर्ज ऐकून घेतला आणि कुणाच्या बैलांनी आधी जावं हे सरकारच्या कायद्यात नाही, असं सांगून दोघांना परत पाठवलं. असा हा १८६४ चा पोळा तोंडावर आला. पंजाबराव म्हणत, मागच्या साली आमची पाळी होती, ती यंदा घेऊ. नत्थुजी म्हणत, मागचं साल गेलं, यंदा आमची पाळी. गावातली माणसं काठ्यांना तेल लावू लागली. पोळ्याला बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावायचं असतं, ते मागं पडलं.

इथं पुलसाहेब आला. आगगाडीचा रस्ता तेव्हा अकोल्याकडून बडनेऱ्याकडं सरकत होता आणि बोरखेडीच्या नाल्यावर पूल बांधायला एक तरुण गोरा साहेब येऊन राहिला होता. त्याचं खरं नाव गावाच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून तो पुलसाहेब. पावसानं नाला भरून वाहत होता, काम बंद होतं, आणि साहेबाला दिवसभर तंबूत बसून डास मारण्यापलीकडं उद्योग नव्हता. दसऱ्यानंतर दगड वाहायला त्याला दोन्ही पाटलांच्या गाड्या लागणार होत्या. पाटलांनी एकमेकांची डोकी फोडली, तर गाड्या कोण हाकणार, ही त्याची काळजी होती.

तो वेशीत आला, दोन बांबू पाहिले आणि एकाएकी हसला. त्याच्याकडं विलायतेहून आलेला चामड्याचा चेंडू होता आणि त्याच सुमाराला तिकडं ठरवलेल्या एका नव्या खेळाचे नियम होते. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं सुचवलं, की काठ्या ठेवा आणि चेंडूनं निकाल लावा. पुलाजवळच्या मुरमाच्या मैदानावर दोन्ही टोकांना असेच दोन-दोन बांबू रोवू, ती ज्या त्या पातीची वेस. ज्या पातीचा चेंडू समोरच्यांच्या बांबूंमधून आधी जाईल, त्या पातीचे बैल पोळ्याला तोरणाखालून आधी जातील.

गावाला हे पटलं, कारण काठीपेक्षा चेंडू लागलेला परवडतो. दोन्ही पाटलांना पटलं, कारण आपण हरू असं दोघांच्याही स्वप्नात नव्हतं. वेशीवरच्या पुंजाराम म्हाताऱ्यानं तेवढी एका जुन्या चालीची सगळ्यांना आठवण करून दिली. तोरणासमोर पहिली जोडी अडली आणि त्यानं तीनदा "चला" अशी हाक घालूनही हलली नाही, तर मान मागच्या जोडीचा. चेंडूनं काहीही ठरो, ही चाल राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या क्षणी विसरूनही गेले. चेंडू कसल्या कातड्याचा आहे, हे कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

खेळ सोपा होता. चेंडू लाथेनं मारायचा. एकच नियम अवघड होता, आणि तोही बोरखेडीतल्या पोरासोरांना झटकन कळला. आपल्या गड्यानं चेंडूला लाथ मारली त्या क्षणी आपला जो गडी चेंडूच्या पुढं, समोरच्यांच्या वेशीकडं असेल, तो बाद. हुतूतूत गडी मरतो, तसा. मात्र मेल्यावर बाहेर जायचं नाही. उभं राहायला हरकत नाही, पण चेंडूला अंग लावायचं नाही आणि कुणाला अडवायचंही नाही. समोरच्यांनी चेंडू मारला, की मेलेला पुन्हा जिता.

आणि एक होती मोकळी लाथ. समोरच्यांच्या वेशीमागच्या रेघेपलीकडं चेंडू गेला आणि तिथं तो आपल्या माणसानं आधी गाठला, तर आपल्याला वेशीसमोरून एक मोकळी लाथ. ती मारली जाईपर्यंत समोरच्यांनी सगळ्यांनी रेघेमागं गप्प उभं राहायचं. पण बादचा नियम तिथंही तसाच. म्हणून शहाणा गडी मोकळ्या लाथेच्या वेळी लाथ मारणाऱ्याच्या मागं उभा राहतो, असं साहेब म्हणाला.

"मांगं?" नत्थुजी म्हणाले.

साहेबाला वाटलं, पाटलांना कळलं नाही. त्यानं मुरमावर उकिडवं बसून पाटलांच्याच चंचीतली सुपारी मागून घेतली आणि ती चेंडू म्हणून ठेवली. तिच्यामागं एक खडा ठेवला. तो लाथ मारणारा सहदेव. त्या खड्याच्या मागं आणखी एक गोटा ठेवला आणि म्हणाला, "ये तुम."

नत्थुजींनी तो गोटा उचलला आणि सुपारीच्या पुढं नेऊन ठेवला.

साहेबानं तो मागं आणला. नत्थुजींनी पुढं नेला. असं बराच वेळ चाललं. शेवटी साहेबानं गोट्याकडं बोट दाखवलं आणि ओरडला, "आगे रखेगा तो ये बाद!"

"आमच्या पातीचा गोटा बाद होत नसते," नत्थुजी शांतपणे म्हणाले आणि आपली सुपारी पुसून तोंडात टाकली. चेंडूच नाहीसा झाल्यावर साहेबाला पुढं शिकवता येईना.

नत्थुजींना नियम कळला नव्हता असं नाही. चांगला कळला होता, आणि त्यातच त्यांचं दुखणं होतं. जो पुढं तो मेला, असला नियम करणाऱ्या मुलखात पाटील कसे जगत असतील, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यातून लाथ मारायला सहदेव. सहदेव माळी हा गावातला सगळ्यात आळशी आणि सगळ्यात बढाईखोर माणूस. बागेत शिरणारी ढोरं हुसकावून त्याचा उजवा पाय मात्र असा तयार झाला होता, की म्हशीसुद्धा त्याच्या बांधावरून जाताना पाऊल उचलत. त्यानं नत्थुजींचा पक्ष घेतला, तो काही प्रेमानं नाही. मागच्या साली पंजाबरावांच्या बैलांनी त्याची वांगी जास्त खाल्ली होती, असा त्याचा हिशेब होता.

घरी नत्थुजी दुर्गाबाईला म्हणाले, "पाटलानं माळ्याच्या पाठीमांगं उभं राहावं म्हनते तो साहेब. उद्या म्हनन, बैलाच्या जागी जुंपून घ्या."

"मांगं उभं राह्यलं तं काय अंगाले भोकं पडतेत?" दुर्गाबाई भाकरी थापत म्हणाली. "पोया दोन दिसावर आला. तोरन आपल्याले पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे."

"मंग गुमान उभे राहा. त्या सहदेवाले मारू द्या. तुमी हात लावू नका."

नत्थुजींनी मान डोलावली, आणि डोलावताना ती खरीच डोलावली होती. त्यांना तोरण हवं होतं. इतकं हवं होतं, की रात्री जेवताना समोरच्या ताटाऐवजी त्यांना आपली जोडी पानांखालून जाताना दिसत होती, मागं पंजाबराव, त्याच्या मागं सगळं गाव. आपल्या बापानं वर्षाआड भोगलेला मान आपण कायमचा घरात आणला, हे सांगून मरायला त्यांना आवडलं असतं.

खेळाच्या दिवशी सगळी बोरखेडी पुलाच्या भरावावर जमली. दुर्गाबाई आणि पंजाबरावांची बायको मनकर्णाबाई एकाच घोंगडीवर बसून एकाच पानदानातलं पान खात होत्या. दोन पात्यांचं वैर त्या दोघींपर्यंत पोचायला कुणी वेळ काढला नव्हता. खाली दोन्हीकडचे गडी धोतरं खोचून उभे होते. पंजाबराव पोट सांभाळत आपल्या वेशीत उभे राहिले, कारण धावणं त्यांना जमणार नव्हतं, आणि वेस बुजवायला ते एकटे जवळजवळ पुरे होते.

खेळ काय झाला, हे विचारू नका. मुरमाच्या कडेला काळी चिकण माती होती. चेंडू तिच्यात गेला की तो कोणता आणि ढेकूळ कोणतं हे कळेना. माणसं ढेकळांनाही लाथा मारत होती. नत्थुजी सारखे चेंडूच्या पुढं. साहेब सारखा ओरडत होता, "पाटील, बाद!" आणि नत्थुजी हात वर करून ते ऐकल्याची खूण करत, म्हणजे मेहेरबानी केल्यासारखी. भरावावरून लोकही ओरडायला लागले. गावाला पाटलाच्या तोंडावर काहीतरी म्हणायची अशी संधी यापूर्वी आली नव्हती, आणि लोकांनी ती सोडली नाही.

दुपार कलताना चेंडू पंजाबरावांच्या वेशीमागं गेला आणि नत्थुजींच्या एका गड्यानं तो आधी गाठला. मोकळी लाथ मिळाली. नत्थुजी म्हणाले, ही मी मारणार. कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. त्यांनी पागोटं नीट केलं, चार पावलं मागं जाऊन धावत आले आणि सगळ्या जोरानिशी लाथ मारली. पायातली वहाण सुटली आणि पंजाबरावांच्या डोक्यावरून बांबूंच्या मधोमध पलीकडं गेली. चेंडू होता तिथंच राहिला. वहाण धरायची की नाही, यावर थोडा वेळ वाद झाला. साहेबानं तोंडावर रुमाल धरून निकाल दिला, की नाही धरायची.

सूर्य खाली आला. दोन्हीकडची माणसं इतकी दमली होती, की चेंडू जवळ आला तर वाट सोडून देत. तेवढ्यात सहदेवानं तो एकदा पंजाबरावांच्या वेशीमागं उडवला आणि स्वतःच लोळण घेत जाऊन गाठला. पुन्हा मोकळी लाथ. साहेबानं आकाशाकडं बघून सांगितलं, की ही शेवटची. ही गेली तर नत्थुजी, नाही गेली तर मान पंजाबरावांकडं, कारण मागच्या सालची पाळी त्यांची राहिली होती. नत्थुजींनी चिखलातच मान हलवली.

"सहदेवच मारन!" भरावावरून दुर्गाबाई ओरडली. असं भर सभेत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. नत्थुजींनी वर पाहिलं आणि एका वहाणेनिशी बाजूला झाले.

सहदेवानं चेंडू पुसला, मिशीवरून हात फिरवला, लोक आपल्याकडं बघतायत की नाही हे पाहिलं. पंजाबराव आणि त्यांचे गडी रेघेमागं उभे. नत्थुजींचे सगळे गडी सहदेवाच्या मागं उभे. आणि नत्थुजी? नत्थुजी सहदेवाच्या मागं गेले होते, हे खरं. पण तिथून त्यांना सहदेवाची पाठ दिसली. घामानं भिजलेली, मळकी, माळ्याची पाठ. पाटलांच्या सात पिढ्यांत कुणी असली पाठ इतक्या जवळून पाहिली नसेल. ते एक पाऊल बाजूला झाले. मग एक पाऊल पुढं. मग चांगली चार पावलं पुढं जाऊन, वेशीच्या डाव्या बांबूजवळ, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पाटील, तुम बाद है," साहेब म्हणाला. "खडे रहो, लेकिन छूना मत."

"नाई लावत हात," नत्थुजी म्हणाले. त्यांचा तसाच इरादा होता.

सहदेवानं लाथ मारली. दमलेल्या पायाची होती, फार जोराची नव्हती. चेंडू मुरमावरून घरंगळत निघाला. पंजाबराव रेघेवरून पुढं यायला निघाले, त्यांचा पाय चिखलात रुतला आणि ते उजव्या बांबूजवळ गुडघ्यावर बसले. त्यांच्या गड्यांनी त्यांना उचलायला हात घातला. चेंडूसमोर कुणीच नव्हतं. डाव्या बांबूच्या आतल्या अंगानं, संथपणे, आपल्या आपण चालला होता. भरावावर दुर्गाबाई उठून उभी राहिली. चेंडू नत्थुजींच्या पायाजवळून जायला लागला.

त्यांनी खाली पाहिलं. आपल्या घराण्याचा मान चालला होता, आणि तो आपला हात न लागता चालला होता. उद्या लोक काय म्हणतील? सहदेवानं जिंकून दिलं म्हणतील. पाटील नुसते उभे होते म्हणतील. चेंडू रेघेवर होता, आणखी एक वीत आणि गेलाच असता. नत्थुजींनी वहाण नसलेल्या पायाचा अंगठा पुढं केला आणि त्याला हळूच आत ढकललं.

"हं," ते म्हणाले, "आता होऊ द्या."

साहेबानं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. चेंडू आत होता आणि निकाल बाहेर. बाद गड्यानं अंग लावलं, म्हणजे ते धरायचं नाही. नत्थुजींना हे समजेना. म्या पाय लावला म्हनून तं गेला, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. साहेबानं त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि अगदी सावकाश, समजूत घालावी तसं सांगितलं, "पाटील, तुम कुछ नहीं करता, तो तुम जीत जाता."

उभ्या जन्मात नत्थुजींना एवढं टोचणारं कुणी काही बोललं नव्हतं. शिवी दिली असती तर त्यांनी उलटून दिली असती.  एक वहाण हातात घेऊन ते घरी गेले.  दुर्गाबाईला रडू येत होतं, आणि रडता रडता मधेच हसूही येत होतं, ते तिनं पदरात दाबलं.

पोळ्याच्या दिवशी नत्थुजी घरीच बसतील असं लोकांना वाटलं होतं. पण ते आले. जोडीला मखमली झूल, गळ्यात घुंगरं, शिंगं रंगवलेली. पंजाबरावांच्या जोडीमागं दुसरे उभे राहिले. चेहरा असा, की त्या दिवशी झडत्या, म्हणजे पोळ्याची चढ्या आवाजातली कवनं, म्हणणाऱ्यांनीही त्यांच्याजवळ आवाज जरा खाली केला. पहिल्यांदा लोकांना त्यांची दया आली. पाटील मागं उभा होता आणि ते त्याला मनापासून दुखत होतं, हे वेशीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

डफडं वाजलं. पंजाबराव ऐटीत पुढं निघाले. आणि तोरणासमोर त्यांचा पाखऱ्या बैल थांबला.

बैलाला खेळातलं काही कळत नव्हतं, पण मागच्या साली हेच पानांचं तोरण आपल्या डोक्यावर कोसळलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यानं वर पाहिलं, फुसकारा टाकला आणि चारी पाय जमिनीत रोवले. पंजाबरावांनी गोंजारलं. मग ओढलं. मग शिव्या दिल्या. बैल ढिम्म. लोक एकमेकांकडं पाहू लागले, आणि मग सगळेच पुंजाराम म्हाताऱ्याकडं. त्याची ती जुनी चाल सगळ्यांना एकदमच आठवली.

"चला!" पुंजारामनं पहिली हाक घातली.

नत्थुजींनी मनात हिशेब केला. तीन हाकांपर्यंत हा बैल हलला नाही, तर मान आपला. कायद्यानं, चालीनं, सगळ्या गावादेखत. काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. ओट्यावर बायकांमध्ये उभ्या असलेल्या दुर्गाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि लाज सोडून ओरडली, "अवो, हात मांगं ठेवा! दोनी हात मांगं!"

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत गुंतवले. खरोखर गुंतवले.

"चला!" दुसरी हाक.

बैल उभाच. पंजाबराव घामानं निथळले होते. त्यांनी वेसण धरली आणि ओढायला लागले, पण चुकीच्या बाजूनं. तशी ओढल्यावर कोणता बैल पुढं येईल? तो उलट मागंच रेटणार. नत्थुजींना हे बघवेना. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला वेसण धरता येऊ नये? त्यांचे तळहात शिवशिवायला लागले. पुंजारामनं तिसऱ्या हाकेसाठी छातीत श्वास भरला. पंजाबरावांनी वेसणीला आणखी एक हिसका दिला, तोही उलटाच.

"असा वढतेत काय बैल!" नत्थुजी गरजले, दोन ढांगा पुढं आले आणि पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर सणसणीत थाप मारली. "चल रे!"

पाखऱ्यानं उडी घेतली आणि जोडीला ओढत तोरणाखालून पार गेला. गावानं आरोळी ठोकली. पंजाबराव वेसणीबरोबर फरफटत पलीकडं पोचले, तिथं उभे राहिले, मागं वळले, आणि कित्येक वर्षांनी आपल्या चुलतभावाशी तोंडानं बोलले.

"नत्थू," ते म्हणाले, "लय उपकार झाले बाप्पा."

"हं," नत्थुजींच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आता होऊ द्या."

मग त्यांना कळलं. हात अजून वर होता, तो खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. गर्दीतून सहदेव माळ्याचा आवाज आला, "पाटील, बाद!" आणि सगळी वेस हसली. ओट्यावर मनकर्णाबाईनं दुर्गाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. दुर्गाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

नत्थुजींची जोडी तोरणाखालून दुसरी गेली. घरी आल्यावर दुर्गाबाईनं रीतीप्रमाणं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. मग पुरणपोळीचं ताट आणलं. दर साली पहिला घास नत्थुजी भरवत. त्यांनी हात पुढं केला.

दुर्गाबाईनं ताट मागं घेतलं आणि थेट बैलाच्या तोंडाखाली धरलं.

"तुमी नुसते उभे राहा," ती म्हणाली. "तो खाते आपल्या तोंडानं."

बैलानं खाल्लं. नत्थुजींच्या घरात पहिल्यांदा एक काम त्यांचा हात न लागता सुरू झालं, आणि ते नीट पार पडलं.